दारू हराम आहे, पण जनाजा अडवायचा हक्क जमातीला नाही

कोकणातल्या मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या जमात कमिट्यांचे सदर, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व मेंबर मंडळींना,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या मोहल्ल्यात मी राहते. नोकरी उर्दू प्राथमिक शाळेत झाली, आता निवृत्त आहे. आमच्या जमातीने दारूविरुद्ध एक ठराव केला आणि त्याचा मसुदा आता शेजारच्या गावांतही फिरतो आहे. म्हणून हे पत्र एका कमिटीला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे. सभेतच बोलले असते, पण जमातीच्या सभेला आम्हा बायकांना बोलावणं नसतं.

ठरावातली पहिली दोन कलमं मला मान्य आहेत. मोहल्ल्यात कुणी दारू विकायची नाही, आणि लग्नात-हळदीत कुणी पिऊन आला तर त्याला गुपचूप घरी पोचवायचं. तिसरं कलम असं आहे: जो दारू पितो असं कमिटीला आढळेल त्याच्या घरच्या निकाहला जमातीचे इमाम जाणार नाहीत, त्याची वर्गणी घेतली जाणार नाही, आणि तो तौबा (पश्चात्ताप) न करता मेला तर जमात त्याच्या जनाजाची नमाज पढणार नाही. हे तिसरं कलम मागे घ्या, एवढंच सांगायला हे पत्र आहे.

माझं स्वतःचं मत आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला शंका नको. दारू हराम आहे. दारूपायी धुळीला मिळालेली घरं मी जवळून पाहिली आहेत, आणि अल्लाहने ती बंद केली हा त्याचा आपल्यावर उपकार आहे असं मी मानते. हा हुकूम टप्प्याटप्प्याने आला. सूरह बकरात (२:२१९) सांगितलं की दारूत आणि जुगारात मोठा गुनाह आहे, लोकांना काही फायदेही आहेत, पण गुनाह फायद्याहून मोठा. मग सूरह निसात (४:४३) आलं की नशेत नमाजजवळ जाऊ नका. शेवटी सूरह माइदात (५:९०) दारू आणि जुगार मूर्तींच्या ठाण्यांच्या शेजारी बसवले गेले आणि सगळ्यालाच घाण, सैतानाचं काम म्हटलं गेलं. 'कुरआनात कुठे स्पष्ट मनाई आहे?' असं विचारणारी शिकलेली पोरं मला भेटतात. त्यांना मी हीच आयत उघडून दाखवते.

मदिन्यात दारूबंदीचा हा पुकारा झाला तेव्हा पैगंबरांचे साथी हजरत अनस अबू तल्हांच्या घरी मंडळींना प्यायला वाढत होते. पुकारा कानावर पडला, आणि असेल नसेल ती ओतून दिली गेली. मदिन्याच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. बुखारी या संग्रहातली ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या काळची नोंद, आपण बयानात (प्रवचनात) कितीदा तरी ऐकली आहे. तिचा शेवट मात्र बयानात क्वचित येतो. काही लोक म्हणाले, आपले जे भाऊ मारले गेले त्यांच्या पोटात तर ही होती, त्यांचं काय होणार? त्यावर पुढची आयत उतरली (५:९३), की ईमान आणून चांगली कामं करणाऱ्यांनी आधी जे खाल्लं-प्यायलं त्याचा त्यांच्यावर गुनाह नाही. बंदी आली त्या दिवशी मदिन्यातल्या लोकांना काळजी वाटली ती आपल्या मेलेल्या भावांची. काल कोण कोण पीत होता, याची यादी करत कुणी बसलं नाही.

तुम्ही म्हणाल, टीचर, ते बंदीआधी प्यायलेले होते, आमचे लोक बंदी माहीत असून पितात. बरोबर आहे. मग बंदीनंतर पिणाऱ्याचं पाहू. बुखारीतच अब्दुल्लाह नावाच्या एका माणसाची हदीस आहे. लोक त्याला 'हिमार', म्हणजे गाढव, म्हणायचे. रसूलुल्लाह, म्हणजे पैगंबर हजरत मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, यांना तो हसवायचा. दारू पिण्यावरून त्याला आधी फटके बसले होते, आणि पुन्हा एकदा त्याला पकडून आणलं, पुन्हा फटके बसले. तेव्हा तिथला एक जण म्हणाला, याच्यावर अल्लाहची लानत असो, किती वेळा आणला जातो हा! हुजूर (रसूलुल्लाह) म्हणाले, त्याच्यावर लानत करू नका. अल्लाहची कसम, मला माहीत आहे की त्याचं अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे. अशाच दुसऱ्या प्रसंगी, पिणाऱ्याला शिव्याशाप देणाऱ्यांना त्यांनी सांगितलं, तुमच्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका.

शिक्षा झाली, हे मी लपवत नाही. शिक्षा झाली आणि तरी तो 'भाऊ' राहिला. पुन्हा पुन्हा पिणाऱ्या माणसाच्या काळजात अल्लाहचं प्रेम असू शकतं, याची साक्ष खुद्द रसूलांनी दिली. त्या माणसाचा जनाजा आमच्या तिसऱ्या कलमाने अडवला असता.

आता आपल्याच मोहल्ल्यांबद्दल मोकळेपणाने बोलू. बाहेरच्यांना आपण सांगतो की दारूबद्दल मुसलमानांचं एकच मत आहे. हुकमाबद्दल म्हणाल तर ते जवळजवळ खरं आहे. पण माणसं त्या हुकमाशी कशी वागतात आणि दुसऱ्याच्या वागण्याला काय नाव देतात, यात घराघरात फरक आहे.

जुन्या माणसांत माडीला दारू न मानणारे होते. पहाटे माडावरून उतरवलेली नीरा गोड असते, तिला नशा नसते. ऊन चढलं की तीच आंबते आणि माडी होते. झाडाचं पाणी ते झाडाचं पाणी, म्हणून ही मंडळी संध्याकाळीही पीत, आणि मगरिबच्या नमाजलाही येत. याला अडाणीपणा म्हणून सोडून देता येतं, पण हाच वाद आपल्या मोठमोठ्या इमामांमध्ये झालेला आहे. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून नबीझ करत. ताजी असेपर्यंत ती हुजूरही पीत, आणि जास्त दिवसांची झाली की ओतून देत. ती आंबू लागली की काय, यावर मतं फुटली. इमाम अबू हनीफा आणि इमाम अबू यूसुफ यांचं म्हणणं, कुरआनातली खम्र म्हणजे द्राक्षाच्या कच्च्या रसाची दारू, तिचा थेंबही हराम. खजूर, मध, धान्य यांच्या पेयात मात्र नशा येईल इतकं पिणं हराम. त्यांचेच शागिर्द इमाम मुहम्मद यांनी हे मानलं नाही, आणि पुढच्या हनफी मुफ्तींनी फतवा दिला तो इमाम मुहम्मद यांच्या मतावर. इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद यांच्या मते नशा आणणारं प्रत्येक पेय खम्रच, आणि जे जास्त घेतल्याने नशा येते ते थोडंही हराम.

आपण कोकणातले लोक शाफई, म्हणजे इमाम शाफईंच्या मसलकाचे (पंथाचे). अरबी समुद्रावरून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर हा मसलक आपल्या किनाऱ्याला लागला. तेव्हा आपल्यात माडीला सूट नाही. तीच माडी आपोआप आंबून सिरका झाली तर हलाल. पण इमाम शाफईंचंच आणखी एक मत फिकहच्या (धर्मशास्त्राच्या) किताबांत आहे, ते कमिटीतल्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. नबीझ पिणाऱ्या हनफी माणसाबद्दल ते म्हणतात: मी त्याला शिक्षा देईन, आणि त्याची साक्ष कबूल करीन. ज्याचं कृत्य आपण चूक मानतो, शिक्षेला पात्र मानतो, त्याचा शब्द मात्र अजून भरवशाचा मानायचा! इतकं मोठं मन आपल्या मसलकाच्या मुळाशी आहे, आणि आपण ठरावात त्याची वर्गणीसुद्धा नको म्हणतो.

माडीवाले झाले, आता बाकीचे. मुंबईत कंपनीत असलेला कुणाचा तरी पुतण्या शनिवारी पितो, पण हलाल नसलेल्या मटणाला हात लावत नाही, रमजानचे रोजे पुरे करतो. दुसरा म्हणतो, कुरआनात दारूची शिक्षा सांगितलेलीच नाही, माझं आणि माझ्या रबचं आम्ही बघून घेऊ. (शिक्षा कुरआनात नाही हे खरं, ती सुन्नतीतून, म्हणजे रसूलांच्या वागण्यातून येते, पहिले खलीफा हजरत अबू बक्र यांच्या काळापर्यंत ४० फटके, दुसरे खलीफा हजरत उमर यांनी ८० केले. पण शिक्षा नाही म्हणून गुनाह नाही, असं होत नाही.) जहाजावर आणि परदेशातल्या हॉटेलांत नोकरी करणारी आपली पोरं स्वतः पीत नाहीत, पण दारूचा ट्रे त्यांना धरावा लागतो. दारू वाहून नेणाऱ्यावर आणि पाजणाऱ्यावरही लानत आल्याची हदीस त्यांना पाठ आहे. घरावरचं कर्जही त्याच पगारातून फिटतंय. सुट्टीवर आली की ती माझ्याकडे येऊन विचारतात, टीचर, आमची कमाई हराम का? मी म्हणते, किचनमध्ये किंवा हाऊसकीपिंगमध्ये बदली मागत राहा, दुसरी नोकरी शोधत राहा, इस्तिगफार करत (अल्लाहची माफी मागत) राहा. याहून सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण मशिदीच्या बांधकामाला त्याच पोरांनी पैसे पाठवले तेव्हा ते कसे कमावले हे कमिटीने विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं नाही हे योग्यच झालं. आताही विचारू नका.

दुसऱ्या टोकाला आपले दीनदार तरुण आहेत. दारू मिळते त्या हॉटेलात ते चहाही घेत नाहीत, खोकल्याच्या औषधाची बाटली आधी वाचून बघतात. त्यांच्या परहेजाबद्दल मला मनापासून आदर आहे. या वयात इतकं जपणं सोपं नाही. माझी त्यांच्याकडे एकच मागणी आहे: स्वतःसाठी ठेवलेली ही पट्टी दुसऱ्याच्या पाठीवर ठेवू नका.

कारण ठरावात शब्द आहेत, 'कमिटीला आढळेल'. कसं आढळणार? माणसाचं तोंड हुंगून? आमच्याकडे ते कसं आढळलं ते सांगते. एक मुलगा मित्रांबरोबर गोव्याला गेला होता. कुणीतरी काढलेल्या फोटोत टेबलावर ग्लास होते. तो फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, खाली लानतीचे मेसेज आले, आणि आठवड्याच्या आत त्याची मंगनी मोडली. तो प्यायला होता की नाही, मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. फोटो टाकणाऱ्याला मात्र सगळ्यांनी शाबासकी दिली. सूरह हुजुरातची आयत (४९:१२) आपण काय म्हणून शिकवतो मुलांना? फार गुमान करू नका, एकमेकांच्या पाळतीवर राहू नका, पाठीमागे कुणाची निंदा करू नका. मेलेल्या भावाचं मांस खायला तुमच्यातल्या कुणाला आवडेल का? दारू पिणं हा गुनाह असेल तर हाही गुनाहच आहे, आणि तो आपण ग्रुपवर, दिवसाढवळ्या, सवाब (पुण्य) समजून करतो.

हजरत उमरांचा किस्सा तर सगळ्या बयानकारांना पाठ असतो. रात्री गस्त घालताना एका घरातून आवाज आला, ते भिंत चढून आत गेले, माणूस पीत बसलेला. ते रागावले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक नाफरमानी केली, तुम्ही तीन केल्या. अल्लाह म्हणतो पाळत ठेवू नका, तुम्ही ठेवली. अल्लाह म्हणतो घरात दरवाजाने या, तुम्ही भिंतीवरून आलात. अल्लाह म्हणतो परवानगी घेऊन, सलाम करून दुसऱ्याच्या घरात जा, तुम्ही तसेच शिरलात. आणि हजरत उमर त्याला सोडून परत फिरले. उमरांसारखा खलीफा जिथे परत फिरला, तिथे आपली कमिटी कुठल्या अधिकाराने आत शिरते?

आता ज्याच्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते सांगते. नावं-गावं लिहीत नाही.

आमच्या मोहल्ल्यातला एक खलाशी. जहाजावरची नोकरी सुटली, गावात परत आला, आणि पिणं वाढत गेलं. बायको शिवणकाम करून घर चालवायची. जुम्म्याला तो मशिदीत यायचा, मागच्या सफमध्ये (रांगेत), कोपऱ्यात. तिथेही कुणीतरी त्याला म्हणालं, पिणाऱ्याची चाळीस दिवस नमाज कबूल होत नाही, तू कशाला येतोस? हदीस खरी आहे. पण शाफई परंपरेतल्या इमाम नववींसारख्या आलिमांनी अशा हदीसांचा अर्थ सांगून ठेवलाय: त्या नमाजचा सवाब त्याला मिळणार नाही, पण फर्ज (बंधनकारक कर्तव्य) त्याच्यावर आहेच, आणि पढली तर ती उतरते. नमाज सोड, असा त्याचा अर्थ कुणीही केलेला नाही. अर्धवट हदीस ऐकून तो मशिदीत यायचा बंद झाला.

मग कमिटीने त्याला इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर बोलावलं. कुरआनावर हात ठेवून कसम घ्यायला लावली की आजपासून थेंब घेणार नाही. त्याने घेतली, आणि पाळलीही. तिसऱ्या दिवशी त्याचे हात इतके थरथरायला लागले की पाण्याचा पेला धरवेना. भिंतीवर किडे दिसतात म्हणू लागला. रात्री झटके आले. बायकोने आणि मुलाने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, दारू अचानक कुणी बंद केली? वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने एकदम सोडली की शरीर उलटतं, झटके येतात, भास होतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषध देऊन सोडवावी लागते. कमिटीला हे माहीत नव्हतं. तिथून तो परत आला तो मनाने खचलेला. कसम मोडली, आता माझं काय उरलं, असं म्हणायचा. पुन्हा प्यायला लागला, आणि पुढच्या पावसाळ्यात एका रात्री गेला.

सकाळी गुस्ल (मय्यतीला अंघोळ) द्यायला दोन नातेवाईक मिळाले. कफन आलं. मग निरोप आला की ठरावाप्रमाणे जमात नमाज पढणार नाही, इमाम येणार नाहीत. पाऊस पडत होता. मय्यत पडवीत होती. आम्ही बायका आत बसलो होतो, आणि दारातून मला दिसत होतं: त्याचा मुलगा, दहावीतला, पायात चप्पल नाही, एका घरातून दुसऱ्या घरात जातोय. 'चाचा, बाबांच्या नमाजला या. चाचा, तुम्ही तरी या.' काही जण आले. काही जण दार लोटून आत बसले. शेवटी शेजारच्या गावचा एक हाफिज पोरगा आला, त्याने नमाज पढवली. असरच्या आधी दफन झालं.

मेलेल्या माणसाचा निकाल अल्लाहकडे गेला होता. ठरावाची शिक्षा त्या मुलाला झाली. त्यानंतर तो मशिदीची पायरी चढलेला नाही.

जनाजाची नमाज फर्जे किफाया, म्हणजे सगळ्यांवर मिळून असलेलं कर्तव्य, आहे. मोहल्ल्यातल्या काहींनी पढली तर सगळ्यांवरून उतरते, कुणीच पढली नाही तर सगळा मोहल्ला गुनहगार. म्हणजे ही नमाज मेलेल्याच्या चांगुलपणाचं बक्षीस म्हणून पढली जात नाही, ती जिवंत राहिलेल्यांवरचं देणं आहे. आपल्या मदरशांत शिकवल्या जाणाऱ्या इमाम तहावींच्या अकीद्यात (श्रद्धेच्या किताबात) सरळ लिहिलंय की किबल्याला मानणाऱ्यांतला नेक असो वा बद, मेल्यावर त्याची नमाज आपण पढतो. मोठा गुनाह केला की माणूस इस्लाममधून बाहेर पडतो, हे म्हणणं खारिजींचं होतं. त्या मताने चौथे खलीफा हजरत अलींचा जीव घेतला. अहले सुन्नतने (सुन्नींनी) त्याविरुद्ध बाजू धरली: गुनाहाला जोवर कुणी हलाल म्हणत नाही तोवर त्या गुनाहावरून त्याला काफिर म्हणायचं नाही. तो खलाशी तर स्वतःच म्हणायचा, मी हराम पितो, अल्लाह मला सोडवो.

इथे मौलाना साहेब मला थांबवतील, आणि त्यांचा मुद्दा मी टाळणार नाही. हुजूरांनी स्वतः काही जणांची नमाज पढवली नाही, असं हदीसांत आहे. खैबरच्या लढाईत लुटीच्या मालातून चोरी करणारा होता, आत्महत्या करणारा होता, आणि कर्ज ठेवून मेलेला होता. खरं आहे. पण कर्जदाराच्या मय्यतीजवळ त्यांनी काय सांगितलं? 'तुमच्या साथीदाराची नमाज तुम्ही पढा.' स्वतः मागे राहिले, लोकांना धाक बसावा म्हणून. नमाज थांबवली नाही. खैबरच्या चोराबद्दलही हेच शब्द आहेत. यावरून फार तर असं निघतं की एखाद्या बुजुर्ग आलिमाने मागे राहावं आणि मोहल्ल्याला पुढे करावं. सगळ्या जमातीने हात वर करून ठराव करावा, हे त्यातून कुठूनही निघत नाही.

त्या कर्जदाराची गोष्ट अजून पुढे आहे. तीन दीनारांचं कर्ज होतं. अबू कतादा म्हणाले, ते माझ्यावर घ्या, आणि मग हुजूरांनी नमाज पढवली. पुढे हाती माल आल्यावर तर त्यांनी जाहीर केलं की कर्ज ठेवून मरेल त्याचं कर्ज मी फेडीन. जमातीच्या सदराने यातून घ्यायचं ते हे आहे: मेलेल्याच्या डोक्यावरचं ओझं उचलायला पुढे यायचं.

आणि नमाज रोखण्यासाठी गुनाहच निवडायचा होता, तर दारूच का? हदीसेत कर्जाचं नाव येतं. कर्ज बुडवून मेलेल्या किती जणांचा जनाजा आपण अडवला? बहिणीचा हिस्सा कुरआनात (४:११) अल्लाहने स्वतः ठरवून दिलाय, भावाच्या निम्मा, आणि तो देणं फर्ज आहे. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात, माहेर तुटू नये म्हणून ती बिचारी करते, आणि आंब्याच्या बागा भावांच्या नावावर होतात. असं करणारे पहिल्या सफमध्ये उभे असतात. त्यांचाही जनाजा अडवा असं मी म्हणत नाही. अडवू नका. पण दारूचा वास येतो म्हणून तो गुनाह दिसतो आणि सातबाऱ्याला वास येत नाही म्हणून तो दिसत नाही, असं जमातीचं होता कामा नये.

'म्हणजे काय, पिऊ द्यायचं सगळ्यांना?' असं एका मेंबरने मला तोंडावर विचारलं. नाही. अल्लाहचा हक्क आणि बंद्यांचा हक्क यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको. माणूस स्वतःच्या घरात पितो, हा त्याचा आणि अल्लाहचा मामला. नसीहत करा, दुआ करा. पण पिऊन तो बायकोला मारतो, तिचे शिवणाचे पैसे हिसकावतो, तिचे दागिने विकतो, तेव्हा तो बंद्याचा हक्क झाला. तिथे जमातीने शिरलंच पाहिजे. आणि नेमकं तिथेच आपण म्हणतो, नवरा-बायकोचं आहे, सबर कर. त्या खलाशाची बायको नवरा जिवंत असताना दोनदा कमिटीकडे गेली होती. दोन्ही वेळा तिला सबर करायला सांगून परत पाठवलं. ज्या कमिटीने तिला जिवंतपणी मदत केली नाही, तिने तिच्या नवऱ्याच्या मय्यतीच्या दिवशी कलम तीन काढलं.

करण्यासारखं खूप आहे, आणि ते तुमच्या हातात आहे. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालतंय. तिथे जाणाऱ्याचा भाडेखर्च आणि त्या काळातला घरखर्च जकातीतून द्या, घरची बाई गरजू असेल तर तिचा जकातीवर हक्कच आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा मराठीतून होतात, तिथे कुणी नाव विचारत नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना एकदा मशिदीच्या हॉलमध्ये बोलवा. कसम घ्यायला लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि रमजान. आपल्याकडचे कितीतरी पिणारे चांद दिसला की बाटली ठेवून देतात. आपण त्यांना 'रमजानचे मुसलमान' म्हणून हिणवतो. मला वाटतं, त्या एका महिन्याइतका मोठा आधार आपल्याकडे दुसरा नाही. जो माणूस फक्त अल्लाहच्या भीतीने महिनाभर थांबू शकतो, त्याला ईदच्या रात्री एकटा सोडू नका. ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर कुणीतरी बसा, शव्वालचे (रमजाननंतरच्या महिन्याचे) सहा रोजे त्याच्यासोबत धरा. तरावीहला (रमजानच्या रात्रीच्या नमाजला) ज्याच्या खांद्याला खांदा लावला त्याला शव्वालमध्ये ओळख दाखवा. मी शाळेत मुलांना घडवताना हेच केलं. जे मूल एक दिवस गृहपाठ करून येई त्याला मी कालच्या दिवसाबद्दल विचारत नसे.

कायद्याचंही एक सांगायला हवं. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि २०१७ पासून लागू आहे. जातपंचायती आणि गावकीच्या जाचामुळे तो करावा लागला, पण तो सगळ्यांना लागू आहे, आपल्यालाही. कुणाचं लग्न, अंत्यविधी किंवा कब्रस्तान अडवणं त्यात गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या खलाशाच्या बायकोला मी हे सांगितलं. ती म्हणाली, टीचर, मला कोर्टात नाही जायचं, माझ्या पोराला मशिदीत जायचंय. तेव्हा धमकी म्हणून मी हे लिहीत नाही. पण उद्या दुसऱ्या गावात कुणी गेलं तर जमातीचं नाव जनाजा अडवणारे म्हणून पोलीस ठाण्यात लिहिलं जाईल, आणि ते नाव आपण स्वतः कमावलेलं असेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत तिसरं कलम रद्द करा, आणि ज्या गावांनी अजून ठराव केलेला नाही त्यांनी तो या कलमाशिवाय करावा. मोहल्ल्याच्या ग्रुपवर कुणाचा फोटो, कुणाची चुगली टाकायची नाही, हे ॲडमिनने पहिल्या ओळीत लिहावं. नवऱ्याच्या पिण्याने त्रासलेल्या बाईने कुणाकडे जायचं, त्यासाठी कमिटीत दोन बायका घ्या. मी एक यायला तयार आहे. आणि त्या मुलाच्या घरी सदर साहेबांनी आणि इमाम साहेबांनी स्वतः जावं, ठराव चुकला होता असं त्याला सांगावं, आणि येत्या जुम्म्याला त्याला बरोबर घेऊन मशिदीत यावं.

वस्सलाम,
मोहल्ल्यातली तुमची एक बहीण, आणि तुमच्यातल्या काहींची टीचर